बाळाचं वजन आणि आईचं जन्मस्थान

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने चार गुणिले शंभर मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकलं. टियाना बार्टोलेटा, ॲलिसन फेलिक्स, इंग्लिश गार्डनर आणि टोरी बोवी. चौघीही कृष्णवर्णीय, चौघीही अमेरिकेतच जन्मलेल्या. पुढच्या सात वर्षांत यांच्यापैकी तिघी गरोदर राहिल्या. फेलिक्सचं बीपी आठव्या महिन्यात इतकं चढलं की बत्तिसाव्या आठवड्यात तातडीने सिझेरियन करून बाळ काढावं लागलं. बार्टोलेटाचं बाळ सव्विसाव्या आठवड्यातच जन्माला आलं. बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात असताना आपल्या घरात मृत सापडली. शवविच्छेदनाच्या अहवालात गरोदरपणातल्या झटक्यांची, म्हणजे एक्लॅम्पसियाची, शक्यता नोंदवलेली होती.

या तिघींबद्दल कोणी म्हणू शकणार नाही की त्यांनी शरीराची हेळसांड केली.  तरीही तिघींचंही गरोदरपण जिवावर बेतलं आणि एकीचा जीव गेलाच. अमेरिकेचे सरकारी आकडे पाहिले तर हा केवळ दुर्दैवी योगायोग वाटत नाही. २०२३ मध्ये तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण १४.५ होतं. २०२२ मध्ये दर हजारी सुमारे ११ कृष्णवर्णीय बाळं पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. गोऱ्या बाळांत हाच आकडा साडेचारच्या आसपास होता.

असे आकडे समोर आले की पहिलं उत्तर तयारच असतं: गरिबी. गरिबीने बाळंतपण धोक्याचं होतं यात शंका नाही, पण एवढ्याने हा हिशेब सुटत नाही. १९९२ मध्ये फक्त पदवीधर आईबापांच्या बाळांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर हजारी १०.२ आणि गोऱ्या बाळांचा ५.४ निघाला. पदवी दोन्हीकडे होती, तरी फरक जवळपास दुपटीचा होता. त्यातही ज्या बाळांचं जन्मवजन पुरेसं होतं त्यांच्यात फारसा फरक नव्हता. सगळा फरक कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांमुळे पडत होता. अलीकडे कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी उत्पन्नाच्या नोंदींशी जोडून पाहिल्या तेव्हा तर सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय मातांच्या बाळांची स्थिती सर्वांत गरीब गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षाही वाईट आढळली.

दुसरं तयार उत्तर म्हणजे सवयी. या बायका नीट खात नाहीत, सिगारेट ओढतात, तपासणीला वेळेवर जात नाहीत, वगैरे. सिगारेटचंच पाहू. २०१६ च्या जन्मनोंदींनुसार गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्या गोऱ्या माता १०.५ टक्के होत्या आणि कृष्णवर्णीय माता ६ टक्के.

मग उरतं तिसरं उत्तर, आणि ते सव्वाशे वर्षं जुनं आहे: त्यांच्या रक्तातच काहीतरी आहे. १८९६ मध्ये प्रुडेन्शियल विमा कंपनीचा आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने अख्खा ग्रंथ लिहून सांगितलं की कृष्णवर्णीयांचे मृत्यू त्यांच्या वांशिक घडणीमुळे होतात, परिस्थितीमुळे नाही. दहा वर्षांनी, १९०६ मध्ये, कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांनी आकड्यांनीच त्याला उत्तर दिलं: हे मृत्यू घर, पाणी, मजुरी आणि उपचार यांच्याशी जोडलेले आहेत, वंशाशी नाहीत. (याच ड्यु बॉईसना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली होती.) पण रक्ताची गोष्ट मेली नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी ती जनुकांच्या भाषेत पुन्हा सांगितली जाऊ लागली.

या गोष्टीची खरी परीक्षा घेतली शिकागोच्या दोन नवजात-शिशुतज्ज्ञांनी. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोघांचं रोजचं काम मुठीएवढ्या बाळांना जगवण्याचं. त्यांचा तर्क अगदी सरळ होता. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशावळीत सरासरी पाचवा हिस्सा तरी युरोपीय आहे, आणि त्यामागे गुलामगिरीच्या काळातल्या बळजबरीचा मोठा वाटा आहे. नायजेरिया किंवा घानाहून आलेल्या बाईत तो नाही. दोष जर आफ्रिकी जनुकांत असेल, तर आफ्रिकेत जन्मलेल्या आयांची बाळं सर्वांत कमी वजनाची निघायला हवीत आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची मधल्या वजनाची.

इलिनॉय राज्याच्या जन्मदाखल्यात बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. आईचं वय, शिक्षण, तपासणी कितव्या महिन्यात सुरू झाली, आणि एका रकान्यात आईचं जन्मस्थान. डेव्हिड आणि कॉलिन्स यांनी १९८० ते १९९५ या काळातले दाखले घेऊन तीन गट केले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे सरासरी आकडे असे: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांची बाळं ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची ३३३३ ग्रॅम, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची ३०८९ ग्रॅम. आफ्रिकेहून आलेली आई गोऱ्या आईच्या जवळ बसली. अमेरिकेची लेक मागे राहिली. अडीच किलोंच्या आत जन्मलेली बाळं गोऱ्या मातांत ४.३ टक्के, आफ्रिकी मातांत ७.१ टक्के आणि अमेरिकी कृष्णवर्णीय मातांत १३.२ टक्के होती. सुशिक्षित, योग्य वयाच्या, लवकर तपासणी सुरू केलेल्या अशा कमी जोखमीच्या बायका तेवढ्या निवडून पाहिलं तरी क्रम तोच राहिला: २.४, ३.६ आणि ७.५ टक्के.

दोन्ही कृष्णवर्णीय गटांमधला हा सुमारे अडीचशे ग्रॅमचा फरक तिऱ्हाइताला किरकोळ वाटेल. बाळंतिणीच्या वॉर्डात तो तसा नसतो. सरासरी खाली सरकली की तिच्या टोकाला दीड किलोच्या आतल्या बाळांची संख्या वाढते. हीच ती बाळं, ज्यांची फुप्फुसं श्वास घ्यायला तयार नसतात, ज्यांना नळीने थेंबथेंब दूध द्यावं लागतं, ज्यांच्या काचेच्या पेटीजवळ आई टाके दुखत असताना तासन्‌तास बसून राहते. त्यातली काही जगत नाहीत. जगतात त्यांच्यापैकी काहींना दृष्टीचे, श्रवणाचे, चालण्याचे त्रास आयुष्यभर राहतात.

या अभ्यासावरचा सर्वांत वजनदार आक्षेप निवडीचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. समुद्र ओलांडून कोण येतं? व्हिसा मिळवू शकणारी, शिकलेली, धडधाकट माणसं. आजारी माणूस नायजेरियातल्या लागोसहून शिकागोला सहसा येत नाही. म्हणजे आफ्रिकेची एकेक निवडक बाई घेऊन आपण तिची तुलना अमेरिकेतल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायकांशी करतो आहोत. ही निवड खरी आहे आणि फरकाचा काही भाग तिने समजतोही. पण कमी जोखमीच्या गटांतही अंतर टिकतं हे वर आलंच. त्याहून ठोस पुरावा पुढच्या पिढीत सापडला. २००२ मध्ये कॉलिन्स, डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉयच्याच नोंदींत आयांचे स्वतःचे जन्मदाखले शोधून ते त्यांच्या लेकींच्या दाखल्यांशी जोडले. युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन आई झाल्या, तेव्हा त्यांच्या लेकींचं जन्मवजन आधीच्या पिढीपेक्षा वाढलं. स्थलांतरित घराला दुसऱ्या पिढीत स्थैर्य येतं, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या घरात उलटं झालं. त्यांच्या नातींचं जन्मवजन लेकींच्या जन्मवजनापेक्षा सरासरी ५७ ग्रॅमने घटलं. लेकी तर अमेरिकेतच वाढल्या, तिथल्याच शाळांत शिकल्या. नुसत्या निवडीचा ओघ ओसरला असता तर तो दोन्ही घरांत ओसरायला हवा होता. ज्या देशात गोरी स्थलांतरित लेक भरभराटली, त्याच देशात काळ्या स्थलांतरित लेकीच्या पदरी घट आली.

बॉस्टनमधल्या मातांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासाने तर एकाच आयुष्यातली हीच चाल दाखवली. परदेशात जन्मलेल्या ज्या कृष्णवर्णीय बायकांना अमेरिकेत येऊन दहा वर्षांपेक्षा कमी काळ झाला होता, त्यांच्यात प्रीएक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी धोक्याच्या पातळीवर जाण्याचं, प्रमाण स्थानिक कृष्णवर्णीय बायकांपेक्षा कमी होतं. दहा वर्षं किंवा अधिक काळ झालेल्यांमध्ये तो फरक उरला नव्हता.

दहा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलतो तो अनुभव: दुकानात मागे लागणारा पहारेकरी, गाडी थांबवणारा पोलीस, नोकरीत दुप्पट राबून मिळालेली निम्मी बढती, घर भाड्याने देताना अचानक बदलणारं उत्तर. मिशिगन विद्यापीठाच्या आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्येच एक विलक्षण गोष्ट समोर ठेवली होती. गोऱ्या मुलींमध्ये विशीतलं बाळंतपण किशोरवयातल्या बाळंतपणापेक्षा सुरक्षित असतं, पण कृष्णवर्णीय मुलींमध्ये वय वाढलं की धोका वाढताना दिसतो. त्यांचं म्हणणं असं की सततच्या अपमानाने आणि ताणाने शरीर वयाआधीच झिजतं. रक्तवाहिन्या कडक होतात, ताणाची संप्रेरकं कायम चढलेली राहतात आणि गर्भारपण हा त्या झिजलेल्या शरीरावरचा मोठा भार ठरतो. गर्भपिशवीतली वार स्वतःही ताणाला प्रतिसाद देणारी संप्रेरकं तयार करते आणि कळा सुरू होण्याच्या वेळेशी त्यांचा संबंध असतो.

ताणाने बाळाचं वजन घटतं याला पुरावा काय, असं विचारणाऱ्यांसाठी आयोवातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावाची हकीकत सांगावीशी वाटते. १२ मे २००८ रोजी तिथल्या मांस-प्रक्रिया कारखान्यावर बेकायदा स्थलांतरितांना पकडण्यासाठी केंद्रीय यंत्रणांनी धाड घातली. आकाशात हेलिकॉप्टर, खाली सशस्त्र अधिकारी, आणि ३८९ कामगार अटकेत, त्यातले बहुतेक ग्वाटेमालाचे. नंतर संशोधकांनी संपूर्ण आयोवा राज्याच्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या काळात लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांना कमी वजनाचं बाळ होण्याची जोखीम आदल्या वर्षाच्या त्याच काळाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढली होती. पोस्टव्हिलपासून दूर राहणाऱ्या, अमेरिकेतच जन्मलेल्या, कोणी पकडून नेऊच शकणार नाही अशा लॅटिना नागरिक मातांमध्येही ही वाढ दिसली. गोऱ्या मातांमध्ये काहीच बदल नव्हता. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावाच्या मातांबाबतही असंच घडलं होतं. कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढलं. एका धाडीने, एका हल्ल्यानंतरच्या संशयी नजरांनी जर इतकं होत असेल, तर जन्मापासून रोज तेच सोसणाऱ्या बाईच्या शरीराचं काय होत असेल याचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. स्थलांतरित आणि स्थानिक कृष्णवर्णीय मातांमधल्या या फरकाचा एक फार वाईट अर्थ लावला जातो, आणि अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या बैठकांतही तो ऐकायला मिळतो. बघा, नायजेरियाची बाई काळीच आहे ना, तिचं सगळं ठीक होतं. मग या इथल्यांचंच काहीतरी चुकतं. संस्कार नाहीत, कुटुंबव्यवस्था नाही. म्हणजे ज्या पुराव्याने आईवरचा आळ दूर व्हायला हवा, त्याच पुराव्याने तिच्यावर नवा आळ घ्यायचा. आधी रक्तावर खापर फोडलं, ते टिकेना म्हणून आता संस्कृतीवर फोडायचं.

संस्कृतीचाच निकष लावायचा तर आपण स्वतः त्यात कुठे बसतो ते पाहावं. अमेरिकेतल्या भारतात जन्मलेल्या माता तिथल्या सर्वांत सुशिक्षित मातांपैकी आहेत. बहुतेक विवाहित असतात, तपासण्या वेळेवर होतात, घरात पैसा असतो, बाळंतपणाला आई किंवा सासू पुण्या-नाशिकहून सहा महिने येऊन राहते. तरीही कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण त्यांच्यात गोऱ्या मातांपेक्षा बरंच जास्त आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मातांची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा मेक्सिकोत जन्मलेल्या, कमी शिकलेल्या, गरीब मातांची बाळं वजनाला भारतीय मातांच्या बाळांपेक्षा चांगली निघाली. यावरून मेक्सिकन संस्कार श्रेष्ठ आणि आपले कनिष्ठ असं आपण मान्य करू का? अर्थातच नाही. आपण म्हणू, यामागे इतिहास आहे. आणि ते बरोबरच आहे.

तो इतिहास महाराष्ट्रातच मोजला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. या बायका सरासरी सुमारे ४२ किलोंच्या, शेतात राबणाऱ्या. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची होती. आईच्या लहानपणी तिला काय खायला मिळालं, आजीला काय मिळालं, गरोदरपणात किती ओझी उचलावी लागली, हे सगळं बाळाच्या वजनात उतरतं हे आपण मान्य करतो. पुण्याजवळच्या गावातल्या आईबद्दल आपल्याला जे समजतं, ते शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय आईबद्दल समजून घ्यायला काय हरकत आहे? तिच्या आजीला गोऱ्यांच्या इस्पितळाच्या दारातून आत घेत नव्हते.

हे इस्पितळाचं उदाहरण ओघात आलं, पण ते फार मोलाचं आहे, कारण त्यातून उपायही दिसतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर आणि १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झाल्यावर केंद्र सरकारने दक्षिणेतल्या इस्पितळांना बजावलं: वंशभेद पाळाल तर पैसे मिळणार नाहीत. इस्पितळांची दारं उघडली. मिसिसिपीच्या ग्रामीण भागात जुलाब आणि न्यूमोनियाने मरणाऱ्या कृष्णवर्णीय बाळांची संख्या काही वर्षांतच झपाट्याने खाली आली. त्या बाळांच्या आयांचे संस्कार एवढ्या वर्षांत बदलले नव्हते. सलाइन आणि प्रतिजैविकं त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली होती, एवढंच.

आज दारं उघडी आहेत, पण आत गेल्यावर काय होतं? पहिलं सिझेरियन झालेल्या बाईला दुसऱ्या खेपेला नॉर्मल बाळंतपण करून पाहावं का, हे ठरवायला डॉक्टर २००७ पासून एक गणकयंत्र वापरत. वय, वजन, आधीच्या बाळंतपणांची माहिती भरायची. त्यात एक प्रश्न होता: आफ्रिकन अमेरिकन आहे का? 'हो' म्हटलं की यशाची शक्यता कमी दाखवली जाई आणि बाई सिझेरियनकडे ढकलली जाई. ज्या माहितीवरून हे गणित बांधलं तिच्यात लग्न झालेलं असणं आणि खासगी विमा असणं यांचाही निकालाशी संबंध दिसला होता. ते प्रश्न गणकयंत्रात घातले गेले नाहीत; वंशाचा घातला गेला. कालच घानातल्या अक्राहून आलेली बाई आणि सात पिढ्या अलाबामात राहिलेली बाई, दोघींसाठी तोच 'हो'. २०२१ मध्ये वंश काढून हे गणित नव्याने मांडलं गेलं. म्हणजे चौदा वर्षं बायकांच्या पोटावर एका चुकीच्या प्रश्नावरून सुरी फिरत राहिली. मला याचा संताप येतो.

सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास लागला. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास तिला आधी झालेला होता. तिने स्वतः सांगितलं की सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं औषध द्या. नर्सला वाटलं, औषधांनी हिला भ्रम झालाय. स्कॅन झालं तेव्हा गुठळ्या सापडल्या. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाडूला आपलं दुखणं पटवून द्यावं लागलं.

अमेरिकेच्या इस्पितळांत भारतीय वंशाचे हजारो डॉक्टर आहेत आणि त्यांत मराठी नावं कमी नाहीत. त्या खोलीत ते हजर असतात, म्हणून हा विषय आपलाही आहे. कॅलिफोर्नियाने २००६ नंतर बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी आणि चढत्या बीपीसाठी इस्पितळांना ठरीव पद्धत घालून दिली: रक्त अंदाजाने न सांगता वजन करून मोजायचं, बीपीचा अमुक आकडा ओलांडला की ठरलेल्या वेळात औषध द्यायचंच. देशभरात मातामृत्यू वाढत असताना तिथे ते २०१३ पर्यंत जवळपास निम्म्यावर आले. समोरच्या बाईवर विश्वास ठेवायचा की नाही हे जिथे डॉक्टरच्या मनावर सोडलं जात नाही, तिथे पूर्वग्रहाला जागा कमी उरते. मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी, विमा पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपायचा. २०२१ च्या कायद्याने राज्यांना तो १२ महिने चालू ठेवण्याची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. बाळंतपणाशी निगडित मृत्यूंपैकी बरेच मृत्यू बाई घरी गेल्यावर होतात, म्हणून हा बदल टिकलाच पाहिजे.

आणि मोजणी चालू राहिली पाहिजे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ३ टक्के परदेशात जन्मलेले होते. आज दहातला एक आहे. या सगळ्यांना 'कृष्णवर्णीय' अशा एकाच रकान्यात टाकून सरासरी काढली की स्थलांतरित मातांच्या बऱ्या आकड्यांखाली स्थानिक मातांची खरी दशा झाकली जाते. उद्या सरासरी थोडी सुधारलेली दिसेल आणि तिचं श्रेय सरकार घेईल, पण मिसिसिपीतली बाई होती तिथेच असेल. म्हणून प्रत्येक अहवालात आईच्या जन्मस्थानानुसार आकडे वेगळे दिले पाहिजेत. १९८७ पासून राज्याराज्यांत नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना गरोदरपणातल्या अनुभवांबद्दल प्रश्न विचारणारं एक केंद्रीय सर्वेक्षण चालत आलं होतं. त्यावर काम करणाऱ्या गटाला एप्रिल २०२५ मध्ये रजेवर पाठवण्यात आलं. त्या माणसांना कामावर परत बोलवावं, आणि बाळंतिणींना विचारले जाणारे प्रश्न पुन्हा विचारले जावेत. तिला डॉक्टरांनी कसं वागवलं, हा प्रश्नही त्यात असावा.